वजन उतरवण्याआधी दम परत मिळवा

हृदयविकाराचा झटका आलेला माणूस बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबईच्या रुग्णालयातून अँजिओप्लास्टी करून मालवणात घरी परततो, तेव्हा त्याच्याकडे गोळ्यांची पिशवी असते आणि घरी पाळायच्या सूचनांमध्ये दोन ओळी हमखास असतात : ‘वजन कमी करा. नियमित व्यायाम करा.’ घरात मात्र वेगळाच हुकूम सुटतो. ‘आता तू कायएक करू नको. गपचूप पडान ऱ्हव.’

दोन्ही सल्ले काळजीपोटीच दिलेले असतात, पण ते माणसाला उलट दिशांना ओढतात. बहुतेक घरांत दुसरा जिंकतो. तीन महिन्यांनी वजन तीन-चार किलोंनी वाढलेले असते. चिऱ्यांच्या दहा पायऱ्या चढताना धाप लागते. ‘हृदयच आता निकामी झाले’ अशी समजूत होते आणि माणूस आणखी कमी हलतो. काही जण नेमके उलटे करतात. घाबरून एक वेळचे जेवण सोडतात, पंधरा दिवसांत पाच किलो उतरवतात, आणि दंड-मांड्या सुकून जातात. दोन्ही वाटांनी नुकसानच होते. मोठ्या आजारानंतर आधी अंगातला दम परत मिळवायचा असतो. वजन त्याच्या मागून, सावकाश उतरते.

खाटेवरचे तीन आठवडे

सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी जगभरातले डॉक्टरही ‘पडून राहा’ असेच सांगत. हृदयविकाराच्या रुग्णाला चार ते सहा आठवडे खाटेवरून उठू देत नसत. १९५२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. सॅम्युएल लेव्हिन आणि डॉ. बर्नार्ड लाउन यांनी हा रिवाज मोडला. त्यांनी रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच उचलून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. खुर्चीत बसल्याने रुग्ण दगावतील, अशी भीती अनेकांना होती. प्रत्यक्षात रुग्ण लवकर सावरू लागले. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना टप्प्याटप्प्याने हालचालीला लावले. पुढच्याच वर्षी आयसेनहॉवर पुन्हा निवडून आले.

पडून राहण्याची किंमत किती, हे १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरात मोजले गेले. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवले. शरीर कमाल कष्टात किती प्राणवायू वापरू शकते, या मोजमापाला आपण साध्या भाषेत ‘दम’ म्हणू. तीन आठवड्यांत तो चतुर्थांशाहून अधिक घटला. नंतर आठ आठवडे व्यायाम दिल्यावर तो परत आला, उलट थोडा वाढलाच.

खरी गंमत तीस वर्षांनी झाली. १९९६ मध्ये तेच पाच जण पन्नाशीत असताना पुन्हा तपासले गेले. त्यांचे वजन सरासरी ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेले होते, शरीरातली चरबी दुप्पट झाली होती. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांचा जेवढा दम घेतला होता, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या खाटेने घेतला होता. मग त्यांना सहा महिने चालणे, सायकल आणि हलके धावणे असा सावकाश वाढवत नेलेला व्यायाम दिला. दम विशीतल्या पातळीवर परतला. वजन मात्र सरासरी साडेचार किलोच उतरले.

वजन थोडेच उतरले, दम मात्र पूर्ण परत आला. काटा हलत नाही म्हणून दुसऱ्या महिन्यात चालणे सोडणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा. हे पाच जण निरोगी होते, हे खरे. पण हृदयरुग्णांवर झालेल्या चाचण्याही तेच सांगतात. व्यायामावर आधारित पुनर्वसनाच्या ८५ चाचण्यांचा, म्हणजे २३ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला गेला आहे. त्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने कमी आढळले.

काटा काय सांगतो, काय लपवतो

‘माझे वजन उंचीच्या मानाने बरोबर आहे, मग मला झटका का आला?’ हा प्रश्न आपल्याकडे वारंवार ऐकू येतो. त्याचे उत्तर पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडते. २००४ मध्ये त्यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छोटी नोंद प्रसिद्ध केली. दोघांचेही फोटो शेजारी शेजारी होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातले वजन, अगदी सारखा होता : २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस हाडकुळा दिसूनही आतून चरबीदार असू शकतो. ती चरबी बहुतेक पोटाभोवती असते आणि स्नायू मुळातच कमी असतात.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला जातो. त्याहून सोपे साधन म्हणजे शिंप्याची टेप. पुरुषांमध्ये पोटाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरपर्यंत असावा. आजारानंतर काट्यावरचा आकडा तोच राहून पोटाचा घेर तीन सेंटिमीटर कमी झाला असेल, तर ती प्रगतीच आहे. चरबी उतरली आणि स्नायू परत आले, असा त्याचा अर्थ असू शकतो.

उलट, उपाशी राहून झटपट उतरवलेल्या वजनात साधारण पाव भाग चरबीचा नसून स्नायू आणि इतर उपयोगी ऊतींचा असतो. मुळातच स्नायू कमी असलेल्या आणि पडून राहून ते आणखी गमावलेल्या माणसाला हा तोटा परवडत नाही. सहा महिन्यांत आपल्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे ८० किलोंच्या माणसाने चार किलो, हे पहिले उद्दिष्ट पुरेसे आहे. तेवढ्यानेही रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबीत फरक दिसू लागतो.

काटा आणखी एका कारणासाठी जपून वाचावा लागतो. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेल्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले, तर ती चरबी नसते. अंगात पाणी साठलेले असते. पाय सुजणे, आडवे झाल्यावर धाप लागणे ही त्याचीच लक्षणे. अशा वेळी जेवण कमी करत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. अशा रुग्णांनी रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहावे. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा पुरे.

चालायचे कुठे आणि किती

हृदयरुग्णांसाठी खास पुनर्वसन केंद्रे असतात. तिथे यंत्रांवर नजर ठेवून व्यायाम घेतला जातो. पण ती बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. देवबाग किंवा आचऱ्याच्या माणसाने आठवड्यातून तीनदा तिथे जावे, ही अपेक्षा व्यवहारात बसत नाही. मग घरूनच करायचे तर नीट हिशेबाने करावे. आधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून घ्यावेत. हृदयाची पंप करण्याची ताकद किती टक्के आहे? आणखी एखादी नळी अरुंद राहिली आहे का? चालणे कधीपासून सुरू करू?

परवानगी मिळाल्यावर सुरुवात सपाट जागी पाच ते दहा मिनिटांनी, दिवसातून दोनदा करावी. दर दोन-तीन दिवसांनी मिनिट-दोन मिनिटे वाढवत सहा आठवड्यांत सलग अर्ध्या तासापर्यंत जावे. पहिली आणि शेवटची पाच मिनिटे अगदी सावकाश. शेवटी आठवड्याला १५० मिनिटे हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले प्रमाण गाठायचे असते.

वेग कसा ठरवावा? झटक्यानंतर अनेकांना बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या असतात. त्या नाडीचा वेग रोखून धरतात, त्यामुळे नाडी मोजून श्रमाचा अंदाज चुकतो. सोपी कसोटी अशी : चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर वेग थोडा वाढवा. वाक्य मध्येच तुटत असेल तर कमी करा.

किनाऱ्यावरच्या माणसाला साहजिकच आधी समुद्र आठवतो. चिवल्याच्या किंवा तारकर्लीच्या वाळूत फिरायला कोणाला आवडणार नाही? पण पाय रुतणाऱ्या कोरड्या वाळूत चालायला त्याच वेगाने कठीण जमिनीवर चालण्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागते. पहिल्या दीड-दोन महिन्यांत ही चूक महागात पडू शकते. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू चालते. मात्र ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे मच्छीमाराला सांगायला नको. त्यामुळे ती वेळ भर उन्हात आली, तर त्या दिवशी गावातला सपाट डांबरी रस्ता किंवा शाळेचे मैदान धरावे. सावंतवाडीकरांना मोती तलावाचा काठ आहेच. दमट हवेत घाम सुकत नाही आणि हृदयावर जादा ताण येतो, म्हणून सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर निघावे. जेवल्यावर किमान तासभर थांबावे.

दुसरी गोष्ट चढणीची. आपल्याकडे घर वर आणि रस्ता खाली, अशी रचना अनेक वाड्यांत असते. दहा मीटर अंतरात एक मीटर चढ असेल, तर त्याच वेगाने चालायला सपाटीच्या दुपटीहून जास्त प्राणवायू लागतो. म्हणून सुरुवातीला घाटी चढायचा फेरा शेवटी येऊ देऊ नये, आणि चढावीच लागली तर मध्ये थांबत, वेग निम्म्यावर आणून चढावी.

पावसाळ्यात चार महिने बाहेर पडणे अवघड. तेव्हा पडवीत किंवा घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात लावून ढकलणे, टाचांवर उभे राहणे हे प्रकार आठवड्यातून दोन दिवस करावेत. ताकदीचा व्यायाम तो हाच. तो करताना श्वास कोंडून धरू नये. भारतात २४ केंद्रांवर सुमारे चार हजार हृदयरुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योगामुळे दुसरा झटका किंवा मृत्यू निश्चित कमी झाले, असे त्यात सिद्ध झाले नाही. पण योग करणारे रुग्ण पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या प्रकारे परतले आणि त्यांना स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटली. औषधांच्या जोडीला घरात करता येणारा उपाय म्हणून तो नक्कीच उपयोगी आहे.

कामावर परतण्याची घाई मात्र नको. रापण ओढणे, विहिरीतून कळशी शेंदणे, माडावर चढणे, होडी ढकलणे या कामांत माणूस नकळत श्वास कोंडून जोर लावतो. त्या क्षणी रक्तदाब झपकन वर जातो. बायपास झालेल्यांचे छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात, तोवर ही कामे पूर्ण वर्ज्य. इतरांनीही अर्धा तास झपाझप चालणे सहज जमू लागल्यावर, डॉक्टरांना विचारून, हलक्या कामापासून सुरुवात करावी. चालताना किंवा काम करताना छातीत दाब, जबडा-डाव्या हातात कळ, अंधारी किंवा खूप धडधड जाणवली, तर तिथेच बसावे. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती घ्यावी. काही मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ ला फोन करावा. ‘बघूया, जाईल’ म्हणत घरापर्यंत चालत येऊ नये.

ताटातला हिशेब

सत्तर किलोंचा माणूस अर्धा तास भरभर चालला, तर साधारण १२० कॅलरी खर्च होतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३० कॅलरी असतात. म्हणजे अर्ध्या तासाचे चालणे आणि भाताची एक लहान वाटी यांची जवळजवळ बरोबरी होते. एक किलो चरबी उतरायला सुमारे ७,७०० कॅलरींची तूट लागते. तेव्हा दम चालण्याने वाढतो, पण वजन मुख्यतः ताटातून उतरते.

मालवणी ताटाला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यातले प्रमाण बदलायचे आहे. दुपारी आणि रात्री भाताचा डोंगर आणि त्याच्या कडेला मासळीचा एक तुकडा, ही मांडणी उलटी करावी. भात एक वाटी, मासळी किंवा उसळ दोन वाट्या, आणि भाजी तितकीच. बांगडा आणि तारली ही आपली स्वस्त मासळी या कामी उत्तम आहे. शंभर ग्रॅम बांगड्यात सुमारे १९-२० ग्रॅम प्रथिने आणि हृदयाला उपकारक तेल असते. पण तोच बांगडा रवा लावून तेलात तळला, की हिशेब बिघडतो. निखाऱ्यावर किंवा तव्यावर थेंबभर तेलात भाजलेला बांगडा, तिरफळे घातलेले तिखले हे आपलेच जुने प्रकार आहेत.

ओल्या नारळाच्या शंभर ग्रॅम खोबऱ्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि त्यातली बहुतेक चरबी संपृक्त प्रकारची असते. नारळ बंद करा असे मालवणात सांगून कोणी ऐकणार नाही. पण आमटीत नारळ, भाजीत नारळ आणि वर सोलकढीतही नारळ, असे तिन्ही एका जेवणात नकोत. नारळाचा रस न घालता केलेले कोकमाचे सार हा सोपा पर्याय आहे. शहाळ्यात पोटॅशियम बरेच असते आणि हृदयाच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. म्हणून रोज शहाळे पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आजारी माणसाला पेज, ही आपली जुनी रीत. उकड्या तांदळाची पेज पचायला हलकी, तापात उत्तमच. पण महिनाभर पेज आणि लोणचे यांवर राहिलेल्या माणसाला प्रथिने मिळत नाहीत आणि मीठ भरपूर मिळते. स्नायू परत यायचे तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पेजेसोबत अंडे, मुगाची उसळ किंवा काळ्या वाटाण्याची उसळ असावी. कुळथाची पिठी आहेच. पावसात मासेमारी बंद असते तेव्हा सुका बांगडा, खारे यांच्यावर भर येतो. मिठाची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. खाऱ्या मासळीचे एक जेवण त्यातला मोठा वाटा खाऊन टाकते. त्या दिवसांत कडधान्यांवर भिस्त ठेवलेली बरी.

तंबाखू, विडी, मशेरी सोडल्यावर भूक वाढते. सिगारेट सोडणाऱ्यांचे पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते. ते वाढू नये म्हणून पुन्हा विडी धरणे हा अत्यंत तोट्याचा सौदा आहे. वाढलेले किलो नंतर उतरवता येतात.

प्रत्येक आजाराचा हिशेब वेगळा

हे सारे मुख्यतः हृदयविकाराबद्दल झाले. सगळ्याच आजारांनंतर वजन उतरवायचे नसते. क्षयरोगात तर नेमके उलट आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांना पोषक शिधा देऊन झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्के वाढलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. कर्करोग किंवा लांबलेल्या तापानंतर आपोआप उतरणारे वजन ही शाबासकीची गोष्ट नसते. ती तपासून घ्यायची असते. स्टेरॉइडमुळे वाढलेले वजन औषध कमी होत जाते तसे बरेचसे उतरते, पण औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. यातल्या बहुतेक आजारांत, डॉक्टरांनी मुभा दिल्यावर, एक गोष्ट मात्र समान आहे : खाटेवर गेलेली ताकद हळूहळू, रोज थोडी हालचाल करूनच परत येते.

घरच्यांनी इथे एक गोष्ट पाहावी. पुरुष आजारी पडला तर त्याच्या फिरण्याची वेळ घर सांभाळते. बाई आजारातून उठली, की दुसऱ्या आठवड्यात चुलीपाशी असते आणि ‘दिवसभर काम करतंय, तोच व्यायाम’ असे म्हटले जाते. घरकामात ओझे उचलणे आणि उभे राहणे खूप, सलग अर्धा तास एका लयीत चालणे जवळजवळ नाही. तिला कळशीपासून सुटका आणि चालण्यासाठी तीस मिनिटे, दोन्ही हवीत. तिच्यासोबत चालायला कोणी निघाले तर फारच उत्तम.

प्रगती मोजायला यंत्र नको. घरापासून देवळापर्यंतचा किंवा तिठ्यापर्यंतचा सपाट रस्ता निवडा. बोलता येईल अशा वेगाने तिथे पोहोचायला किती मिनिटे लागतात, ते दर पंधरा दिवसांनी वहीत लिहा. शेजारी पोटाचा घेर आणि वजन लिहा. पहिल्या महिन्यात फक्त मिनिटे कमी होतील. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात टेप सैल पडू लागेल. काटा सर्वांत शेवटी हलेल. पुढच्या तपासणीला जाताना ती वही सोबत न्या. गोळ्यांच्या यादीइतकीच ती डॉक्टरांच्या उपयोगाची असते.